कर्नलने मरताना काय करावे

गेले काही महिने मी फावल्या वेळात एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिते आहे. एका रात्री तो नीट बूट झाला, टायमरचे इंटरप्ट (प्रोसेसरला हातचे काम थांबवायला लावणारे संकेत) येऊ लागले, दोन प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) आलटून पालटून चालू लागल्या आणि एकाएकी पडद्यावरची अक्षरे जिथल्या तिथे थांबली. चूक झाल्याचा संदेश आला नाही, मशीन रीबूट झाले नाही, कीबोर्डलाही प्रतिसाद मिळेना. कर्नलमध्ये पॅनिकचे, म्हणजे सावरता न येणारी चूक झाली की संदेश छापून मशीन थांबवणारे, फंक्शन मी अगदी पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवले होते आणि अशा प्रसंगी ते धावून येईल, असे मी गृहीत धरले होते. ते धावून आले नाही म्हणजे कर्नलला चूक कळलीच नसावी, अशा समजुतीने मी तीन संध्याकाळी भलत्याच ठिकाणी शोध घेत राहिले.

शेवटी डीबगर जोडून पाहिले तेव्हा प्रोसेसर दोनच सूचनांभोवती फिरत होता: लॉक मोकळे आहे का ते पाहा, नसेल तर पुन्हा पाहा. लॉक म्हणजे एखादी गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारे कुलूप, आणि हे लॉक मजकूर छापणाऱ्या फंक्शनचे होते. स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची मेमरीतली नोंद) खालून वर वाचत गेल्यावर सगळी हकीकत उलगडली. एक प्रोसेस छपाईचे लॉक घेऊन एक ओळ छापत होती. त्या ओळीत मी चुकून एक निकामी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला चुकीचा पत्ता, दिला होता. तो वाचताना पेज फॉल्ट झाला, म्हणजे त्या पत्त्यावरची मेमरी मिळत नाही, अशी प्रोसेसरने तक्रार केली. फॉल्टच्या हँडलरने, म्हणजे तो हाताळणाऱ्या कोडने, पत्ता तपासून पॅनिकला बोलावले. आणि पॅनिकने संदेश छापण्यासाठी तेच छपाईचे फंक्शन बोलावले, ज्याने सवयीने आधी लॉक मागितले. ते लॉक ज्याच्या हाती होते तो कोड याच स्टॅकवर, चार पायऱ्या खाली, अर्धवट थांबलेला होता आणि तो पुन्हा कधीच चालणार नव्हता. कर्नलला चूक कळली होती, पॅनिकही पुकारले गेले होते. फक्त शेवटचे शब्द घशातच अडकले होते.

त्या दिवसापासून पॅनिककडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. कर्नलमधला बाकीचा सारा कोड काही गोष्टी धरून चालतो: लॉक सोडले जातील, मागितलेली मेमरी मिळेल, स्टॅकमध्ये जागा असेल, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) शुद्धीवर असेल. पॅनिकचा कोड मात्र यांतले निदान एक गृहीतक मोडले आहे म्हणूनच चालतो, आणि नेमके कोणते मोडले ते त्याला ठाऊक नसते. त्यामुळे चालत्या कर्नलकडून त्याने काहीही उसने घेऊ नये.

एमआयटीमध्ये शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सव्ही६ या छोट्या कर्नलमध्ये हे फार स्वच्छ दिसते. त्यातले पॅनिक संदेश छापण्याआधी छपाईचे लॉकिंग बंद करते, मग संदेश छापते, पॅनिक झाल्याची खूण एका चलात ठेवते आणि अखंड फिरणाऱ्या रिकाम्या लूपमध्ये शिरते. लॉकिंग बंद केल्यामुळे प्रोसेसरच्या दोन कोअरची (स्वतंत्रपणे कोड चालवणाऱ्या भागांची) अक्षरे एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो, पण तो पत्करण्याजोगा आहे, कारण मिसळलेली अक्षरे माणूस वेगळी करू शकतो आणि न उमटलेल्या अक्षरांचे काहीच करता येत नाही. लिनक्समध्येही हाच विचार आहे: कर्नल कोसळत असल्याची खूण सगळ्या कोडला दिसणाऱ्या एका चलात ठेवली जाते आणि ती दिसली की सिरियल पोर्टचा (एकेक बाइट बाहेर पाठवणाऱ्या साध्या जोडणीचा) ड्रायव्हर लॉकसाठी थांबून न राहता एकदा प्रयत्न करून पुढे सरकतो.

पण मुळात कर्नलने थांबायचेच का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. साध्या प्रोग्रॅमने निकामी पत्ता वाचला तर कर्नल त्याला संपवतो, त्याची मेमरी आणि उघड्या फाइली आवरून घेतो आणि बाकीचे जग चालू राहते. कर्नलच्या वर मात्र त्याची आवराआवर करणारे कोणी नाही. मेमरीत मांडलेल्या त्याच्या एखाद्या रचनेतला आकडा बिघडला आहे एवढेच कळलेले असते. तो कधी बिघडला, कोणी बिघडवला आणि त्याच्याबरोबर आणखी काय बिघडले, हे त्या क्षणी कळायला मार्ग नसतो. अशा अवस्थेत काम चालू ठेवणे म्हणजे बिघडलेली माहिती डिस्कवर उतरू देणे. मेमरीतली चूक रीबूटबरोबर नाहीशी होते. डिस्कवर गेलेली चूक मुक्कामाला येते आणि कधी कधी बॅकअपमध्येही जाऊन बसते. लिनक्सच्या संदेशात ‘कर्नल पॅनिक’ या शब्दांपुढे ‘नॉट सिंकिंग’ असे जे लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच आहे: मेमरीत साठून राहिलेले, अजून डिस्कवर न गेलेले लिखाण मी आता डिस्कवर उतरवणार नाही. पहिल्यांदा वाचताना ही कबुली दुर्लक्षाची वाटते, पण ती खबरदारी आहे.

थांबण्याचा हा मार्ग युनिक्सने फार लवकर आणि जाणीवपूर्वक निवडला. मल्टिक्स या युनिक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे. मल्टिक्समध्ये आपण लिहीत असलेल्या कोडपैकी निम्मा तरी चुकांतून सावरण्याचा असतो, असे त्यांनी युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांना सांगितले, तेव्हा रिची म्हणाले की ते सगळे आम्ही वगळले. चूक झाली की पॅनिक नावाचे एक फंक्शन बोलावले जाते, मशीन कोसळते आणि तुम्ही बाहेर डोकावून कोणाला तरी रीबूट करायला सांगता. मोजकी माणसे एकाच मजल्यावर बसून एकच मशीन वापरत होती तेव्हा हे पुरेसे होते. आज त्या मशीनशेजारी बहुधा कोणीच बसलेले नसते, आणि पॅनिकभोवती नंतर जे जे बांधले गेले त्यातले बरेचसे त्या गैरहजर माणसाची जागा भरून काढण्यासाठी आहे.

लिनक्सने दरम्यानची एक पायरीही ठेवली आहे, तिचे नाव ऊप्स. कर्नलच्या कोडमध्ये पेज फॉल्टसारखी चूक झाली आणि ती एखाद्या प्रोसेसचे काम करताना झाली असेल, तर कर्नल सविस्तर अहवाल छापतो, त्या प्रोसेसला संपवतो आणि पुढे चालू राहतो. हीच चूक इंटरप्ट हाताळताना झाली, किंवा संपवायची प्रोसेस पहिल्या क्रमांकाची इनिट (जिच्यापासून बाकीच्या प्रोसेस सुरू होतात ती) निघाली, तर मात्र सरळ पॅनिक होते, कारण इंटरप्टच्या मागे संपवण्याजोगे कोणी नसते आणि इनिटशिवाय व्यवस्था उभी राहत नाही.

ऊप्सचा अहवाल पहिल्या भेटीत आकड्यांचा ढीग वाटतो. तो वाचायला शिकणे ही मला या विषयातली सर्वांत फलदायी गुंतवणूक वाटते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. समजा, पहिल्या ओळीत नल (शून्य पत्त्याच्या) पॉइंटरची तक्रार असून पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या आधारावरच्या मोजणीत) १८ आहे आणि पुढे ‘ऊप्स: ०००२’ असे लिहिले आहे. एक्स८६ प्रोसेसर (इंटेल-एएमडीच्या जातीचा) पेज फॉल्टच्या वेळी एक कोड देतो. त्याचा सर्वांत खालचा बिट शून्य असेल तर त्या पत्त्यावर पेजच नव्हते. दुसरा बिट एक असेल तर वाचताना नव्हे, लिहिताना चूक झाली. आणि तिसरा बिट शून्य असेल तर चूक करणारा कर्नल होता, साधा प्रोग्रॅम नव्हे. म्हणजे ०००२ या एका आकड्याने सांगितले की कर्नल स्वतः, अस्तित्वात नसलेल्या पेजवर, लिहू पाहत होता. आता पत्ता. तो प्रोसेसरमधल्या सीआर२ या रजिस्टरमधून (छोट्या साठवण-जागेतून) आलेला असतो. हेक्समधले १८ म्हणजे आपले २४. शून्य पत्त्याच्या इतक्या जवळ कोणी मुद्दाम लिहीत नाही, तेव्हा पॉइंटर शून्य होता आणि कोडला त्या रचनेतल्या २४ बाइट पुढच्या घटकात लिहायचे होते. रचनेची व्याख्या उघडायची, चौसष्ट बिटांच्या मशीनवर प्रत्येक पॉइंटरचे आठ बाइट धरून मोजत जायचे, की घटकाचे नाव सापडते. कॉल ट्रेसमधली (कोणी कोणाला बोलावले त्या यादीतली) वरची दोन-तीन फंक्शने त्याच्याशी जुळवली की पुष्कळदा चुकीची ओळ डीबगरशिवाय हाती लागते.

या अहवालाच्या मोहात पडून ऊप्सला सौम्य चूक समजू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. संपवलेल्या प्रोसेसच्या हाती कर्नलचे एखादे लॉक असेल तर ते कोणी सोडवत नाही. ते लॉक फाइल सिस्टीमचे असेल तर तिथे लिहायला जाणारी प्रत्येक प्रोसेस एकेक करून त्याच्यापाशी येऊन झोपते, आणि ती मारूनही मरत नाही. मशीन वरवर जिवंत असते, नेटवर्कवर उत्तरही देते, पण काम पुढे सरकत नाही. बाहेरून देखरेख करणाऱ्या व्यवस्थेला असे अर्धमेले मशीन पूर्ण मेलेल्या मशीनपेक्षा ओळखायला कठीण जाते. शिवाय एखादी मेमरी किती जण वापरत आहेत याची कर्नल मोजणी ठेवतो, आणि प्रत्येक ऊप्समध्ये घेतलेले काही संदर्भ त्या मोजणीत तसेच राहून जातात. एखाद्याने मुद्दाम अब्जावधी वेळा ऊप्स घडवून आणला तर संदर्भ मोजणारा आकडा भरून पुन्हा शून्यावर येऊ शकतो, आणि मग वापरात असलेली मेमरी कर्नल मोकळी समजून दुसऱ्याला देतो. म्हणजे चुकीचे रूपांतर सुरक्षेच्या भगदाडात होते. म्हणूनच २०२३ साली आलेल्या लिनक्स ६.२ मध्ये ऊप्सना मर्यादा घातली गेली, आणि ती मूळ मांडणीत १०,००० आहे.

मग प्रत्येक चुकीला पॅनिक का करू नये? मी काही काळ याच मताची होते आणि माझ्या कर्नलमध्ये शंका आली की थांब, असेच धोरण होते. लिनक्सचे कोड लिहिण्याचे नियम मात्र उलट दिशेने जातात: नव्या कोडमध्ये मशीन थांबवणारा बग हा मॅक्रो वापरू नये, इशारा नोंदवणारा वॉर्न वापरावा आणि शक्य तिथे चुकीतून सावरून कॉल करणाऱ्याला एरर कोड परत द्यावा, असे ते सांगतात. विचार केल्यावर मला हे पटले. एखाद्या ड्रायव्हरचा लेखक आपला कोड कोणत्या मशीनवर चालणार आहे हे जाणत नाही. शंभर मशीनच्या ताफ्यातले एक थांबले तर त्याचे काम दुसरे उचलते, तिथे संशय येताच थांबणेच हिताचे; पण कोणाच्या तरी टेबलावर एकुलते एक मशीन असेल आणि त्यावर दिवसभराचे न साठवलेले काम उघडे असेल, तर ध्वनीच्या ड्रायव्हरमधल्या शंकेपायी ते बंद पाडण्याचा अधिकार त्या लेखकाला नाही. तो मशीनच्या मालकाचा आहे, आणि त्यासाठीच ऊप्स झाल्यास किंवा नुसता इशारा आला तरी पॅनिक कर, असे सांगणाऱ्या सेटिंग लिनक्समध्ये वेगळ्या ठेवलेल्या आहेत.

प्रोसेसरच्या पातळीवर मात्र असा पर्याय नसतो. पेज फॉल्टचा हँडलर सुरू करतानाच पुन्हा फॉल्ट झाला तर एक्स८६ प्रोसेसर डबल फॉल्ट देतो, आणि तोही हाताळता आला नाही तर ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन कोणताही मागमूस न ठेवता रीसेट होते. याला सर्वांत सहज कारणीभूत होतो तो कर्नलचा स्टॅक. तो लहान असतो. चौसष्ट बिटांच्या एक्स८६ वर लिनक्स प्रत्येक थ्रेडला १६ किलोबाइट देतो. तो संपला की पुढचे लिखाण राखीव पेजवर आदळते, पेज फॉल्ट होतो, आणि फॉल्टची माहिती ठेवायला प्रोसेसर त्याच संपलेल्या स्टॅककडे वळतो. माझ्या कर्नलमध्ये एका फंक्शनने स्वतःलाच अखंड बोलावले तेव्हा क्यूएमू या एम्युलेटरच्या खिडकीत बूटचा संदेश सेकंदाला अनेकदा लुकलुकत राहिला. क्यूएमूला रीबूट करू नकोस आणि प्रत्येक इंटरप्टची नोंद ठेव, असे सांगितल्यावर लॉगमध्ये १४ क्रमांकाचा पेज फॉल्ट, त्याखाली ८ क्रमांकाचा डबल फॉल्ट आणि शेवटी ट्रिपल फॉल्ट अशी मालिका दिसली. यावरचा उपाय प्रोसेसरमध्येच आहे: डबल फॉल्टसाठी वेगळा, कधीही न वापरलेला स्टॅक आधीच नेमून ठेवता येतो, म्हणजे मूळ स्टॅक कितीही बिघडला तरी हँडलरला पाय टेकवायला जागा उरते.

अनेक कोअर असले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. बिघडलेली रचना अनेक कोअर एकाच वेळी वाचत असतात, त्यामुळे दोन कोअर जवळजवळ एकाच क्षणी पॅनिकमध्ये शिरू शकतात. लिनक्समध्ये पॅनिकचा मान कोणत्या कोअरचा हे एका अविभाज्य तुलना-अदलाबदलीने (मध्ये दुसरा कोअर घुसू शकत नाही अशा एकाच सूचनेने) ठरते. जो आधी आपला क्रमांक नोंदवतो तो पुढचे काम करतो, उशिरा आलेला स्वतःला थांबवतो, आणि उरलेल्यांना थांबण्याचा संदेश पाठवला जातो.

आता त्या गैरहजर माणसाकडे वळू. कोसळतानाची मेमरी जपून ठेवली तर कारण नंतर शोधता येईल, पण ती डिस्कवर लिहायची तर डिस्कचा ड्रायव्हर हवा, आणि तो याच अविश्वसनीय झालेल्या कर्नलचा भाग आहे. लिनक्सचे केडंप यावर जे उत्तर देते ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. बूट होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला राखला जातो आणि त्यात एक दुसरा, लहान कर्नल आणून ठेवला जातो. पॅनिक झाले की मरणारा कर्नल फक्त उडी मारून त्या दुसऱ्या कर्नलच्या सुरुवातीला जातो. हा नवा कर्नल राखीव तुकड्यातच जागा होतो, स्वतःचे ड्रायव्हर नव्याने सुरू करतो, जुन्या कर्नलची सारी मेमरी त्याला एका फाइलसारखी दिसते आणि ती तो शांतपणे डिस्कवर किंवा नेटवर्कवर पाठवतो. विंडोज वेगळा मार्ग घेते: पेजिंग फाइल (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची फाइल) डिस्कवर कुठे कुठे आहे याचा नकाशा आधीच तयार ठेवायचा, कोसळताना फाइल सिस्टीमला न विचारता थेट त्या जागांवर मेमरी उतरवायची आणि पुढच्या बूटमध्ये तिची डंप फाइल करायची. मार्ग निराळे असले तरी दोन्हीकडे लागणारी तयारी मशीन धडधाकट असतानाच करून ठेवलेली असते.

पडद्याची गोष्ट त्या मानाने मागे राहिली होती. ग्राफिक्स चालू असताना लिनक्सचे पॅनिक बऱ्याचदा दिसतच नसे. चित्र गोठून राही आणि वापरणाऱ्याला काय झाले ते कळत नसे. २०२४ साली आलेल्या लिनक्स ६.१० मध्ये ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधून थेट संदेश रेखाटण्याची सोय झाली आणि ६.१२ मध्ये अहवाल क्यूआर कोडच्या रूपात दाखवता येऊ लागला.

पॅनिकनंतर आपोआप रीबूट व्हावे, असे बहुतेक सर्व्हरवर ठरवलेले असते आणि त्याने काम भागते, जोवर चूक बूटच्याच वाटेवर बसलेली नसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला मिळालेल्या सदोष अद्ययावत माहितीमुळे त्याच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने मर्यादेबाहेरची मेमरी वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन बाधित झाली. प्रत्येक वेळी विंडोजने नियमाप्रमाणे थांबून निळा पडदा दाखवला. पण तो ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच लोड होणारा असल्याने रीबूट झालेले मशीन पुन्हा त्याच खड्ड्यात पडत राहिले, आणि अनेक मशीनपाशी माणसाने प्रत्यक्ष जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल काढून टाकावी लागली. सलग काही वेळा बूटच्या सुरुवातीलाच पॅनिक झाले तर गेल्या वेळेपासून बदललेले घटक बाजूला ठेवून उठायचे, ही जबाबदारी पॅनिकची नसली तरी पॅनिकनंतर येणाऱ्या कोडची नक्कीच आहे, असे मला त्या दिवसानंतर ठामपणे वाटते.

माझ्या कर्नलमधले पॅनिक आता चाळीसेक ओळींचे आहे. ते आधी इंटरप्ट बंद करते, मग आपण पॅनिकमध्ये याआधीच शिरलो आहोत का ते पाहते आणि शिरलो असल्यास काहीही न छापता थांबते. संदेश ते छपाईच्या नेहमीच्या फंक्शनऐवजी हेक्स ३एफ८ या पत्त्यावरच्या सिरियल पोर्टवर एकेक बाइट लिहून पाठवते, आणि पोर्ट मोकळे होण्याची वाट ठरावीक फेऱ्यांपुरतीच पाहते, कारण पोर्टही बिघडलेले असू शकते. कॉल ट्रेस काढताना स्टॅकवरचा प्रत्येक पत्ता स्टॅकच्या मर्यादेत आहे का, हे तपासल्याशिवाय ते वाचत नाही आणि वीस पायऱ्यांनंतर थांबते. शेवटी प्रोसेसरला झोपवणारी सूचना एका लूपमध्ये आहे, कारण न रोखता येणारा इंटरप्ट आला तर प्रोसेसर त्या झोपेतून उठतो.

हा कोड कधी चालतच नसल्यामुळे तो बिघडला तरी कळत नाही, म्हणून मी चार चाचण्या ठेवल्या आहेत आणि प्रत्येक बदलानंतर त्या चालवते: साध्या प्रोसेसमध्ये पॅनिक, इंटरप्टच्या आत पॅनिक, छपाईचे लॉक हाती असताना पॅनिक आणि स्टॅक संपल्यावर पॅनिक. पहिल्या तिन्हींत संदेश पूर्ण येतो. चौथी पहिल्या कोअरवर उत्तीर्ण होते, पण दुसऱ्या कोअरवर चालवली की मशीन अजून गुपचूप रीसेट होते, कारण डबल फॉल्टचा वेगळा स्टॅक प्रत्येक कोअरला स्वतंत्र नेमावा लागतो आणि मी तो पहिल्याच कोअरला दिलेला आहे.